प्रस्तावना : पाच झाडांच्या डहाळ्या

इंग्लंडमधला माझा पहिला मार्गशीर्ष. गुरुवारच्या महालक्ष्मीची पूजा मांडायची होती. कलशात घालायला पाच झाडांच्या डहाळ्या हव्या होत्या आणि खिडकीतून दिसणारं एकूण एक झाड उघडंबोडकं होतं. सांगलीला असताना ही पानं कुठून येतात याचा कधी विचारही केला नव्हता. बुधवारी संध्याकाळी मंडईच्या तोंडाशी आंबा, पेरू, चिकू, सीताफळ, जास्वंद अशा जुड्या बांधून फुलवाल्या बसलेल्याच असायच्या. वूस्टरशरमधल्या त्या खेड्यात फुलवालीही नव्हती आणि पानंही नव्हती.

शेजारच्या आजी त्यांच्या कुंपणापाशी काहीतरी छाटत उभ्या होत्या. मी जाऊन अडचण सांगितली. पूजा कसली, कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. पाच वेगवेगळ्या झाडांची हिरवी पानं हवीत, एवढं त्यांना पुरेसं होतं. कात्री माझ्या हातात देऊन त्या पुढे चालू लागल्या. होली, आयव्ही, बे, रोझमेरी आणि शेवटी रस्त्याकडेच्या स्कॉट्स पाइनची वाऱ्याने खाली पडलेली फांदी. मध्येच एका गडद, सुंदर झाडाकडे माझा हात गेला तेव्हा त्यांनी मनगट धरून मागे ओढला. ते यू होतं. त्याचं पान, बी, साल सगळं विषारी असतं, हे मला नंतर कळलं. पंधरा मिनिटांत माझ्या हातात पाच डहाळ्या होत्या. त्यांच्या टोपलीत उरलेल्यांचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर दिसलं. त्याच पाच झाडांची एक गोल, दाट, दवाने भिजलेली रीथ.

हे पुस्तक त्या कुंपणापाशी सुरू झालं असं मी मानते. आजी आता नाहीत. कात्री माझ्याकडे आहे.

रीथ हा शब्द मी तसाच ठेवला, त्याला कारण आहे. मराठीत प्रतिशब्द तयार आहे, पुष्पचक्र. पण पुष्पचक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १ मेचा हुतात्मा चौक येतो, तिरंग्यात लपेटलेली शवपेटी येते. ते राहत्या घराच्या दाराला कोण लावील? गावच्या सभागृहात आम्ही काही मराठी मंडळी पहिल्यांदा रीथ करायला जमलो तेव्हा एका काकूंनी हे थेट विचारलं आणि त्यांची शंका अगदी रास्त होती. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. ११ नोव्हेंबरच्या सुमारास इथल्या गावोगावच्या युद्धस्मारकांशी लाल पॉपींची चक्रं वाहिली जातात, आणि ती तिथे पावसात भिजत असतानाच दोन-तीन आठवड्यांत घरांच्या दारांवर हिरवी चक्रं चढतात. इथल्यांना त्यात काही खटकत नाही. आपल्याला खटकतं. शब्दाने मन बिचकत असेल तर तो शब्द बाजूला ठेवावा असं मला वाटलं. काकूंना मी एवढंच सांगितलं की आपल्या दारावरचं तोरण जे काम करतं तेच ही करते. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांत देखणी रीथ केली.

मराठीत हे पुस्तक कशाला, इंग्रजीत अशी पुस्तकं दुकानात रचून ठेवलेली असतात, असं मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर मला काम करता करता सापडलं. रीथ बांधण्याची कृती मी आमच्या मंडळींना आधी इंग्रजी शब्दांत सांगत असे. सगळे मन लावून ऐकायचे, पण हात अडखळायचे. एकदा सहज तोंडून निघालं, ‘आधी चुंबळ करून घ्या.’ आणि हात चालू लागले.

चुंबळच ती. विलोच्या कोवळ्या छड्या घ्यायच्या, पेन्सिलीएवढ्या जाड आणि पुरुषभर लांब. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतं ना, त्याची ही इथली भावंडं. पानं गळून गेल्यावर छाटलेली छडी चांगली लवते. पहिली छडी वाकवून हातभर रुंदीचं कडं करायचं आणि टोक त्यातच खोचायचं. हे कडं वेडंवाकडं, अंड्यासारखं होतं, होऊ द्यावं. दुसरी छडी त्याला पीळ घालत फिरवायची, तिसरी उलट बाजूने. चौथी फिरली की कडं आपल्याच ताणाने गोल उभं राहतं. ना तार, ना खिळा. त्यावर सुकं लांब गवत गुंडाळून सुतळीने आवळलं की तयार झाली ती हुबेहूब माझी आजी विहिरीवर जाताना डोक्यावर ठेवायची तशी चुंबळ. इथल्या बऱ्याच पुस्तकांत गवताऐवजी शेवाळ सांगितलेलं असतं. शेवाळाने ओलावा टिकतो हे खरं, पण जंगलातलं शेवाळ खरवडून काढलं की ती जागा भरून यायला वर्षं लागतात. गवत पुरतं. मी शेवाळ वापरत नाही आणि या पुस्तकात ते कुठेही सांगितलेलं नाही.

पुढचं काम जुड्यांचं. तीन-चार डहाळ्यांची वीतभर लांबीची जुडी करायची, देठं एका ठिकाणी. ती कड्यावर थोडी तिरपी ठेवायची, देठांवरून बारीक तार दोन-तीनदा घट्ट फिरवायची आणि तार तोडायची नाही. दुसरी जुडी अशी ठेवायची की पहिलीची देठं झाकली जातील. मग तिसरी. सगळ्या एकाच दिशेने. हातभर रुंदीच्या कड्याला अशा वीस-पंचवीस जुड्या लागतात. शेवटच्या जुडीची देठं पहिल्या जुडीची पानं उचलून त्यांच्याखाली सरकवायची, म्हणजे सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते दिसत नाही. हे मी सांगत असताना सावंतवाडीच्या एक बाई मान खाली घालून भराभर बांधत सुटल्या होत्या. त्यांनी लहानपणी अबोलीचे वळेसर केले होते, केळीच्या सोपटाच्या धाग्यात. तिथे फूल आणि धागा, इथे फांदी आणि तार. पण मागच्याचा देठ पुढच्याने झाकत जायचा हा मुद्दा तोच. त्यांच्या डाव्या अंगठ्याने जुडी दाबून धरलेली आणि उजवा हात तार ओढतोय, हे मी कितीतरी वेळ बघत राहिले. आपल्या हातांना हे काम येतं. त्याला फक्त आपले शब्द हवे असतात.

बांधायचं एवढंच. पुस्तकाची उरलेली पानं बांधण्याबद्दल नाहीत, गोळा करण्याबद्दल आहेत, कारण रीथ होते डिसेंबरात पण तिचं सामान उन्हाळ्यापासून साठत असतं. ज्याने डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कात्री हातात घेतली त्याला होली आणि आयव्ही मिळेल, बाकी बरंच निसटून गेलेलं असेल.

इथल्या बागांत हिंडताना मला सगळ्यांत आधी आपला मसाल्याचा डबा भेटला. परसात खसखशीची झाडं आपोआप उगवतात. पाकळ्या गळाल्या की मागे राहिलेली मुकुट घातलेली बोंडं वाळवून ठेवावीत, हलवली की आत दाणे वाजतात. कलौंजीची इथली बहीण निळं फूल देते आणि तिची फुगीर, पट्ट्यापट्ट्यांची बोंडं वर्षभर टिकतात. बडीशेपेच्या वाळलेल्या छत्र्या कडाक्याच्या थंडीत दवाने गोठल्या की त्यांच्याकडे बघत राहावं. बे म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे, झाड वेगळं आणि वासही वेगळा, पण घराण्यातलंच आहे. ऑनेस्टी नावाचं एक रोप आहे. त्याच्या चपट्या शेंगा उन्हाळा संपता संपता तपकिरी होतात. दोन बोटांत धरून दोन्हीकडची सालं हलकेच चोळली की बिया गळून पडतात आणि मध्ये रुपयाएवढा चांदीसारखा पातळ पडदा उरतो. मुलांना हे काम द्यावं. तासन्‌तास करतात.

हायड्रेंजियाच्या बाबतीत घाई नडते. फूल भरात असताना कापलं तर दोन दिवसांत मान टाकतं. त्याचा रंग फिकट हिरवट-जांभळा होईपर्यंत थांबावं आणि पाकळी बोटांना कागदासारखी लागली की मगच कापावं. मी तीन वर्षं घाई केली, म्हणून त्या प्रकरणात पुन्हा पुन्हा तेच सांगितलं आहे.

कुंपणाचं प्रकरण सगळ्यांत मोठं आहे. इथली शेतांची कुंपणं जिवंत झाडांची असतात. हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, रानगुलाब, मधून डोकावणारी होली. काही कुंपणं कित्येक शतकं जुनी. हॉथॉर्नला फूल आणि फळ येतं ते आदल्या वर्षीच्या फांदीवर. जे कुंपण यंत्राने दरवर्षी तासून काढतात त्यावर लाल फळांचे घोस फारसे दिसत नाहीत. एक-दोन वर्षं मोकळं सोडलेलं कुंपण ऑक्टोबरात लालेलाल असतं. हे कळल्यापासून रस्त्याने जाताना कोणता शेतकरी कुंपणाला उसंत देतो हे माझ्या आपोआप लक्षात येतं. चुनखडीच्या जमिनीत कुंपणावर एक वेल चढतो, त्याला म्हाताऱ्याची दाढी म्हणतात. बियांना पांढरी रेशमी पिसं असतात. सह्याद्रीतली रानजाई, मोरवेल याच वंशातली, म्हणून पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला परका वाटला नाही. त्याची पिसं पुरती फुलायच्या आधी तोडावा, नाहीतर घरभर उडतात.

ओळखीचं वाटणं नेहमीच भल्याचं नसतं, हेही त्याच कुंपणाने शिकवलं. एका ऑक्टोबरात मला बदामी पानांचा एक वेल दिसला, अगदी कोकणातल्या करांद्यासारखा, आणि त्यावर लाल, केशरी, हिरव्या मण्यांच्या माळा. इतकी तयार माळ मी कधी पाहिली नव्हती. दोन्ही हातांनी ओढून काढली, घरी येऊन मणी ओघळले तसे निवडले, आणि तासाभरात मनगटापर्यंत खाज सुटली, अळू चिरल्यावर सुटते तशी. तो ब्लॅक ब्रायनी होता. करांदा आणि कोनफळाच्याच वंशातला, पण विषारी. खाजेचं कारणही अळवासारखंच, फळांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तेव्हापासून आमच्या घरात त्याला जागा नाही आणि लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असलेल्या कुणाच्याच घरात नसावी. होलीची फळं, आयव्हीची फळं, गुलाबी स्पिंडल, मिसलटो यांपैकी काहीही पोटात जाता कामा नये. प्रत्येक झाडाच्या पानावर मी हे ठळक लिहिलं आहे. कृपा करून ते ओलांडून पुढे जाऊ नये.

होलीबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण त्यावरून रोपवाटिकेत फसगत होते. होलीत नर आणि मादी झाडं वेगळी. लाल फळं फक्त मादीला, तीही जवळपास नर असेल तर. पण नावांवर जाऊ नये. ‘गोल्डन किंग’ नावाची होली मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर. तुमच्या होलीला बारा वर्षं फळ आलं नसेल तर तिला खत घालत बसू नका, आधी ती कोण आहे ते बघा.

मिसलटो रीथमध्ये क्वचित घालतात. ते दारात किंवा छताला टांगतात. पण मी ज्या भागात राहते तिथे त्याच्याबद्दल न लिहिणं शक्य नाही. टेम नदीकाठचं टेनबरी वेल्स हे छोटं गाव मिसलटोच्या लिलावासाठी प्रसिद्ध आहे. दीडशेहून अधिक वर्षं हा व्यवहार चालत आला आहे. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात मंगळवारी सकाळी जमिनीवर मिसलटो आणि होलीच्या मोळ्या रांगेत मांडलेल्या असतात आणि लोक वाकून पांढऱ्या मोत्यांसारखी फळं निरखत फिरतात. आसपासच्या सफरचंदाच्या बागांतलं हे बांडगूळ. हो, बांडगूळच. आंब्यावर वाढतं ते आपलं बांडगूळ याच चालीचं आहे, यजमान झाडाचं पाणी पिणारं आणि पक्ष्यांनी फांदीला पुसलेल्या चिकट बीतून रुजणारं. मराठीत कुणाला बांडगूळ म्हणणं म्हणजे त्याची लायकी काढणं. इथे त्याच्याखाली उभं राहून माणसं एकमेकांची चुंबनं घेतात. मला इथे येऊन हे समजलं की भर थंडीत, पानगळ झालेल्या सफरचंदावर तो एकटाच हिरवा गोळा दिसतो तेव्हा त्याच्याकडे माणूस कौतुकानेच बघणार. शेतकरीही तो दरवर्षी छाटून बाजारात नेतो, त्याने झाडही वाचतं.

इतिहास मी थोडक्यात आटोपला आहे. हिवाळ्यात सदाहरित फांद्या घरात आणण्याची चाल युरोपात फार जुनी आहे आणि ती नेमकी कुणी सुरू केली याच्या शोधात मला रस नाही. दोन माणसांबद्दल मात्र सविस्तर लिहिलं आहे. एक योहान हिनरिश विखर्न. हॅम्बर्गमधल्या गरीब मुलांसाठी त्याने ‘राउहेस हाउस’ चालवलं. नाताळ कधी, कधी, असं मुलं विचारत, म्हणून १८३९ साली त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. आजची ॲडव्हेंटची रीथ तिथून आली. दुसरी कॉन्स्टन्स स्प्राय, जन्म १८८६. ती आधी पूर्व लंडनमध्ये, कामकरी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. पुढे फुलांच्या रचनेत शिरली तेव्हा तिने श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कुंपणावरचे वेल, रानफळं, कोबीच्या जातीच्या केलची पानं नेऊन ठेवली. लोक महागडी फुलं मागत होते, तिने त्यांना रस्त्याकडेला काय आहे ते दाखवलं. राणीच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फुलांची मोठी जबाबदारी तिच्याकडे होती. मला तिचा मोठेपणा त्या केलच्या पानात दिसतो.

एका वस्तूबद्दल मी कठोर आहे. फुलं खोचायचा हिरवा फोम. १९५४ साली अमेरिकेत तो निघाला आणि जगभरच्या फुलवाल्यांच्या हातात गेला. माझ्या दुसऱ्या वर्षी मीही एका दुकानातून फोमचं कडं आणलं, जानेवारीत पानांसकट खताच्या ढिगात टाकलं. पुढच्या वसंतात वाफ्यात खत पसरलं तेव्हा मातीत सगळीकडे हिरवा चुरा. तो प्लास्टिकचा असतो, कुजत नाही. चुरा वेचायला बसले तर बोटांत आणखी बारीक होत गेला. त्या वाफ्यात मी अजून मेथी लावलेली नाही. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला. या पुस्तकातली प्रत्येक रीथ सोडवली की तार एका डब्यात पुढच्या वर्षासाठी आणि बाकी सगळं मातीत, असाच हिशेब ठेवला आहे. चमकी, रंगाचे फवारे, प्लास्टिकची फळं यांना त्यामुळे आपोआप मज्जाव झाला. रंग हवाच असेल तर संत्र्याच्या चकत्या मंद भट्टीत तीन-चार तास वाळवाव्या, त्यांतून उजेड आरपार दिसतो.

तोडण्याविषयी कायदा काय म्हणतो हे विचारणं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात रानटी झाडाची फुलं, फळं, पानं स्वतःपुरती तोडणं चोरी धरलेलं नाही. विकायला तोडली तर मात्र ती चोरी होऊ शकते. मुळासकट उपटणं ही वेगळी गोष्ट. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानटी रोप उपटणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्यात बसतं म्हणून तोडावं असं नाही. आयव्ही सप्टेंबर ते नोव्हेंबर फुलते. मधमाश्यांना हिवाळ्याआधी मिळणारा हा जवळपास शेवटचा मध, आणि मुख्यतः आयव्हीवर जगणारी एक मधमाशी २००१ साली डॉर्सेटमध्ये पहिल्यांदा दिसल्यापासून इथे दूरवर पसरली आहे. आयव्हीची काळी फळं भर हिवाळ्यानंतर पिकतात, बाकी कुंपण रिकामं झालेलं असतं तेव्हा. टीझलच्या काटेरी बोंडांतून गोल्डफिंच पक्षी बिया टोचून काढतात. म्हणून एका जागी पाच फांद्या असतील तर मी एक घेते, आणि पक्षी बसलेलं झाड सोडून पुढे जाते. आजी तोडण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारायच्या, कुठली फांदी काढली तर झाडाला कळणार नाही ते बघायला. संध्याकाळी झाडाला हात लावू नये असं आपल्या घरांतून सांगतात, त्याची मला तेव्हा आठवण यायची.

महाराष्ट्रातल्या वाचकांना मी यातल्या वनस्पती मागवून घ्या असं मुळीच सांगणार नाही. त्यांच्यासाठी हे पुस्तक म्हणजे एका दूरच्या प्रदेशातल्या हिवाळ्याची ओळख. इथल्या मराठी घरांसाठी ते कामाचं पुस्तक आहे, आणि कामाच्या पुस्तकाला मातीचे डाग पडावेत, ते कोरडं कपाटात राहू नये. प्रकरणं महिन्यांप्रमाणे लावली आहेत. पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. पुस्तक जुलैत हाती आलं तर ऑनेस्टी आणि खसखशीपासून सुरू करा, सप्टेंबरात आलं तर हायड्रेंजियापासून. ऑक्टोबरात आलं तर आधी विषारी झाडांचं प्रकरण वाचा आणि मग कुंपणाकडे जा. डिसेंबरात आलं असेल तर घाबरू नका, दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असला तरी दुपारी दोन ते साडेतीन उजेड चांगला असतो. कात्री घ्या, हातमोजे घ्या, आणि पाच झाडांची हिरवी पानं शोधायला निघा. गुरुवार असेल तर एकेक डहाळी आधी कलशासाठी बाजूला काढून ठेवा.

वूस्टरशर, मार्गशीर्ष